निव्वळ वजन

उलव्यात, सेक्टर एकोणीसला, चौथ्या मजल्यावर
माझ्या दारामागे स्प्रिंगचा काटा टांगलेला आहे.
कुठेही निघालो की बॅग अडकवतो, आकडा बघतो.
आई हसते : "पनवेलाव जावाचा, त्याला वजन कला करतस र?"

द्रोणागिरीच्या यार्डात मी कागद भरतो, अठरा वर्षं.
ढोबळ वजन. निव्वळ वजन. मालाचं वर्णन. मूळ देश.
आजाचं मिठागर होतं त्यावरच कुठेतरी
आता क्रेन उभी आहे. नेमकी कुठली, ते सांगता येत नाही.

नेवीन मेर्सिनच्या बंदरात हेच कागद भरायची.
तिचा पहिला मेल : तुमच्या बिलात सहा किलो जास्त दिसतात.
मी लिहिलं, लाकडी पॅलेट धरलं असेल.
पॅलेटवरून तिच्या वडिलांच्या गुडघ्यावर आलो,
तिथून रात्री दोनला नुसतंच "जागा?"
दोघांचं इंग्रजी सारखंच लंगडं,
त्यात खोटं बोलायला जागाच नाही असं मला वाटायचं.

पहिल्यांदा गेलो तर ती समुद्राकडे पाठ करून बसली.
रोज बघते, म्हणाली. मी म्हटलं, मीही.
डाळिंबाच्या रसाचे पैसे तिने दिले.
मी तिला एक मराठी शब्द शिकवला : मोकळा.
माल उतरवला की कंटेनरला आम्ही तसं म्हणतो.

मग सात महिने मेल नाही.

दुसऱ्यांदा गेलो ते विचारायला.
चाळीस मिनिटांसाठी आली. बोटात अंगठी,
बरोबर एक माणूस, "भाऊ",
आणि राखाडी बॅग, चार चाकांची, रिकामी.
उलव्यात कुणीतरी न्यायला येईल.
तेवढं कर. मग मी मोकळा, म्हणाली.
मी तिला "मोकळी" म्हणून दुरुस्त केलं.
तेवढंच सुचलं.

रात्री हॉटेलात काटा लावला.
कंपनीच्या चिठ्ठीवर दोन किलो आठशे.
काट्यावर चार सातशे.
एक किलो नऊशे.
जन्मलो तेव्हा मी एवढाच होतो,
नर्सने आईला सांगितलेलं, जीव लावू नका.

अस्तर उसवलं नाही.
आत काय आहे ते, नाव सोडून, सगळं माहीत होतं.
आणि तरी त्यात मी माझे शर्ट भरले. घड्या घालून.
कुठली रांग, कुठल्या वेळेची पाळी, चेहऱ्यावर काय ठेवायचं,
अठरा वर्षं सरळ वाचलेलं
एका रात्रीत उलटं वाचून काढलं.

पहाटे पाचला बसपाशी ती येणार होती.
तो आला. कागदात गुंडाळलेला गरम पाव घेऊन.
नेवीनला ताप आहे, म्हणाला.
मी फुटपाथवर बसून शर्ट बाहेर काढले,
प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले, बॅग त्याच्याकडे ढकलली.
त्याने शिवी दिली नाही.
पाव मात्र माझ्या हातात ठेवला, आणि तो मी खाल्ला.

सद्बुद्धी वगैरे म्हणू नका.
ती आली असती,
झोपेतल्या केसांनी, स्वेटरच्या बाहीत बोटं ओढून,
तर मी नेली असती.

मार्चमध्ये बेल वाजली.
विशीतला पोरगा, हातात हेल्मेट, मोबाइलवर माझा पत्ता.
"काका, एक बॅग होती."
आली नाही, म्हटलं.
तो दाराला टेकला. त्याचे खांदे खाली आले.
पाणी मागितलं. दोन ग्लास प्यायला, तिसरा अर्धा.
विचारणार होतो, कुणासाठी रे?
ग्लास परत देताना त्याच्या मनगटाची आतली बाजू दिसली.
निळ्या बॉलपेनने गिरवलेलं एकच अक्षर,
घामाने थोडं फुटलेलं.